मोजणाऱ्याचे ऋण

‘निदान’ हा शब्द मराठीने दोन कामांना जुंपला आहे. वैद्य रोग ओळखतो ते निदान; आणि ‘निदान एवढे तरी करा’ असे आपण एखाद्याला विनवतो तेही निदान. एका अर्थी तो ज्ञानाचा शब्द आहे, दुसऱ्या अर्थी किमान अपेक्षेचा. संस्कृतात त्याचा एक जुना अर्थ दावे, बांधण्याची दोरी, असाही आहे. शब्दांच्या व्युत्पत्तीतून नीतीचे सिद्धांत काढणे धोक्याचे असते हे मी जाणतो, आणि तसे काही मी येथे करणार नाही. परंतु रोग ओळखणे आणि काही करण्यास बांधले जाणे यांचा एकमेकांशी संबंध काय, हा प्रश्न अलीकडे मला टाळता येईनासा झाला आहे. त्याला निमित्त झाली आहे बोटाच्या पेराएवढी एक पट्टी. रक्ताचा एक थेंब तिने प्यायला, की काही क्षणांत यंत्राच्या काचेवर आकडा उमटतो आणि माणसाला कळते, की आपल्या रक्तात साखर किती आहे.

या पट्टीला शास्त्रज्ञ जैवसंवेदक म्हणतात. नाव नवे असले तरी त्यामागची कल्पना फार जुनी आहे. चरकसंहितेच्या निदानस्थानात प्रमेहाची पूर्वरूपे सांगताना रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धाव घेतात, हे लक्षण नोंदवले आहे. मुंगीला वैद्यक कळत नाही. पण गोडी कळते, आणि ती तिकडे वळते. एका सजीवाची ही ओळखण्याची शक्ती माणसाने खूण म्हणून वापरली. १७७६ साली मॅथ्यू डॉब्सन या इंग्रज वैद्याने ती गोडी साखरेचीच असते हे प्रयोगाने दाखवले. पुढे लेलंड क्लार्क या अमेरिकन शास्त्रज्ञाने, हृदयावरील शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तातला प्राणवायू मोजता यावा म्हणून तयार केलेल्या आपल्या विद्युदग्रावर एका विकराचा थर देण्याची युक्ती १९६२ साली चँप लायन्स यांच्यासह मांडली. मुंगीच्या जागी विकर आला, आणि मुंगीच्या वळण्याच्या जागी विजेचा सूक्ष्म प्रवाह. १९८७ च्या सुमारास हेच तंत्र लेखणीच्या आकाराच्या यंत्रात मावले, आणि प्रयोगशाळेतली परीक्षा घराच्या ओट्यावर आली.

या विकराचे नाव ग्लुकोज ऑक्सिडेज. तो बुरशीपासून मिळतो, आणि ती बुरशी काही दुर्मिळ नव्हे. साठवणीतल्या कांद्यावर जी काळी भुकटी धरते तिच्याच जातीची. रक्तात शेकडो द्रव्ये असतात. त्या गर्दीतून हा विकर जवळजवळ फक्त ग्लुकोजलाच हात घालतो, त्याचे रूपांतर करतो, आणि त्या घडामोडीत जे विद्युत्कण सुटतात त्यांची मोजदाद यंत्र करते. त्याचा सारा गुण त्याच्या एकनिष्ठेत आहे. त्याला एकच गोष्ट कळते, म्हणूनच ती नेमकी कळते. माणूस कोण, कुठला, काल जेवला की नाही, त्याच्या घरात कोणते दुःख आहे, यांतले काहीही त्याला कळत नाही. कळले असते तर तो कामाचा राहिला नसता. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कारण जे यंत्राचे भूषण ते यंत्र हाताळणाऱ्याचेही भूषण आहे असे आपण नकळत मानू लागलो आहोत.

आमचे कडेगाव सातारा आणि सांगली यांच्या मधल्या पट्ट्यातले. १९४९ पर्यंत हा मुलूख सातारा जिल्ह्यातच होता. मग तो दक्षिण सातारा झाला, आणि १९६० पासून सांगली. ज्वारी-बाजरीचा, आभाळाकडे डोळे लावून बसणारा हा प्रदेश. १९७२ च्या दुष्काळात येथली माणसे खडी फोडून जगली. पुढे ताकारी आणि टेंभू या उपसा योजनांनी कृष्णेचे पाणी माळावर चढवले, ऊस आला, वांगीला सोनहिरा साखर कारखाना उभा राहिला. जिथे कोस-दोन कोस चालल्याशिवाय दिवस सरत नसे तिथे दारात मोटारसायकल आली. आणि त्याच दारात आता आशा सेविका येते. तिच्या पिशवीत वजनाचा काटा, रक्तदाबाचे यंत्र आणि ही पट्टी असते. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाची तपासणी व्हावी असे सरकारी धोरण आहे, आणि ते योग्यच आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातल्या मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची १३ कोटी ६० लाख, अशी अंदाजली आहे. एवढ्या मोठ्या संकटाला घरोघर जाऊनच गाठावे लागते.

अशाच एका तपासणीच्या वेळी कानी पडलेले बोलणे सांगतो. साठीची एक बाई होती, भांगलणीला निघालेली. पोटात अजून काही गेले नव्हते. सेविकेने बोट टोचले आणि म्हणाली, “मावशी, शुगर एकशे ऐंशी हाय. लई हाय.”

“मला तर काय बी होईना,” बाई म्हणाल्या. “रोज रानात जाते, भाकरी खाते, निजते. आजारी मानूस भांगलतंय व्हय?”

“वाटत न्हाई, पर आत असतंय मावशी. दवाखान्यात जाऊन रगत तपासून घ्या.”

“तुझ्या मशीनला एवढं कळतंय, मग म्होरं काय करायचं ते बी त्येलाच इचार की!”

सभोवतालच्या बायका हसल्या, सेविकाही हसली, आणि वहीत आकडा लिहून पुढच्या घरी गेली. तिच्या वाट्याला त्या दिवशी आणखी बरीच घरे होती. मला मात्र त्या बोलण्यात दोन स्वतंत्र प्रश्न दिसले, आणि दोन्ही तात्त्विक. पहिला असा, की माझ्या देहाविषयी साक्ष कोणाची खरी मानायची, माझी की यंत्राची? आणि दुसरा, मला न कळणारे माझे दुखणे ज्याने मला सांगितले त्याने तेवढ्यावर थांबावे काय?

पहिल्या प्रश्नात त्या बाईची बाजू घेण्याचा मोह होतो. आपल्याकडे यंत्राविषयी एक सुशिक्षित अढी आहे. ‘पूर्वीचे वैद्य नाडी धरून सांगत’ असे म्हटले की तिला समाधान होते. पण या मोहाला बळी पडता येणार नाही. वेदना ही देहाची पहारेकरी असली तरी ती सगळ्या दारांवर उभी नसते. वाढलेली साखर वर्षानुवर्षे न दुखवता डोळ्याचा पडदा, मूत्रपिंड आणि पायाच्या नसा पोखरीत राहते. जखम झालेली कळत नाही तेव्हा फार उशीर झालेला असतो. २०२० आणि २०२१ सालच्या साथीत तर हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सप्टेंबर २०२० मध्ये निघाली आणि पथके ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरली. बोटाला लावायचे ते चिमटे प्रकाशाच्या साहाय्याने मोजतात, म्हणून काटेकोर अर्थाने ते जैवसंवेदक नव्हेत. पण प्रश्न तोच. माणूस खाटेवर बसून बोलत असे, ‘मला बरं वाटतंय’ म्हणत असे, आणि चिमटा सांगत असे की याच्या रक्तातला प्राणवायू धोक्याच्या पातळीखाली गेला आहे. तिथे माणसाचे ऐकून यंत्र बाजूला ठेवणे हा जिवाशी खेळ होता.

ज्या टेंभूहून आमच्याकडे पाणी येते त्याच गावी १८५६ साली गोपाळ गणेश आगरकर जन्मले. एखादी समजूत आपल्याला प्रिय आहे, जुनी आहे, सर्वांची आहे, एवढ्याने ती खरी ठरत नाही, हे त्यांनी महाराष्ट्राला परोपरीने सांगितले. ‘मला काही होत नाही’ हीही एक प्रिय समजूतच आहे. पुराव्यापुढे ती सोडावी लागते. तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे: यंत्राची साक्ष ऐकली पाहिजे.

परंतु साक्ष ऐकणे निराळे आणि साक्षीलाच निकाल समजणे निराळे. साक्षीदार प्रामाणिक असला तरी त्याची उलटतपासणी करावी लागते. या घरगुती यंत्रांसाठी २०१३ साली ठरलेले आंतरराष्ट्रीय मानक असे आहे, की साखर १०० किंवा अधिक असता शंभरांतली ९५ मापे प्रयोगशाळेच्या मापाच्या आगेमागे १५ टक्क्यांच्या आत असावीत. म्हणजे खरी साखर १२० असताना चांगल्या यंत्राने १०४ दाखवले काय किंवा १३६ दाखवले काय, मानकाचा भंग होत नाही. बोटाला गूळ लागलेला असेल तर आकडा फुगतो. डबी उघडी राहून पट्टीला दमट हवा लागली तर ती भलतेच सांगते. आणि ज्याच्या रक्तात तांबड्या पेशी कमी, त्याची साखर पुष्कळ यंत्रे आहे त्याहून जास्त दाखवतात; आपल्या खेड्यांतल्या बायकांत पांडुरोग किती आहे हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या एका वाक्याचे वजन कळेल. ऑक्सिमीटरचेही तसेच. काळ्या वर्णाच्या रोग्यांतली प्राणवायूची उणीव त्याच्या नजरेतून गोऱ्यांपेक्षा जास्त वेळा सुटते, हे अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदींवरून डिसेंबर २०२० मध्ये दाखवले गेले. म्हणूनच बोटाच्या थेंबावर चाळणी करावी आणि निदान मात्र शिरेतल्या रक्ताच्या प्रयोगशाळेतील तपासणीवर करावे, हा शास्त्राचाच नियम आहे. यंत्र आपली मर्यादा लपवत नाही. घाईने वाचणारा ती विसरतो.

याहूनही खोल एक गोष्ट आहे. आकडा निसर्गाचा असतो, पण रेषा माणसाची असते. १९९७ पूर्वी उपाशीपोटी १४० ही मधुमेहाची मर्यादा समजत. त्या वर्षी अमेरिकन तज्ज्ञांनी ती १२६ वर आणली, आणि पुढे १९९९ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही तीच स्वीकारली. ज्याची साखर १३० होती तो माणूस निरोगी निजला आणि रोगी म्हणून उठला. त्याच्या रक्तात मध्यंतरी काहीच घडले नव्हते. ही लबाडी होती असे मुळीच नव्हे. १२६ च्या आसपासच डोळ्यांना इजा होऊ लागते असे दिसले म्हणून रेषा सरकली, आणि तिने पुष्कळांचे डोळे वाचवले असतील. पण यावरून एवढे सिद्ध होते की ‘तू रोगी आहेस’ हे वाक्य केवळ वस्तुस्थितीचे वर्णन नाही. त्यात एक निर्णय मिसळलेला आहे: अमुक पातळीपासून पुढे काही करणे हिताचे आहे, हा. आणि जिथे निर्णय असतो तिथे तो घेणाऱ्याची जबाबदारीही असते. ‘यंत्राने दाखवले ते मी सांगितले’ असे म्हणून ती झटकता येत नाही.

त्या थेंबातून आणखी काय कळत नाही? त्याचा इतिहास. साखर वाढलेली दिसली की आपण तत्काळ खाण्यावर घसरतो. ‘गोड सोडा’, ‘जरा चालत जा’, ‘खाण्यावर ताबा नाही’. दिवाळीच्या दिवसांत तर फराळाच्या ताटापाशी हा उपदेश अधिकच रंगतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दोघांचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही एकच, २२.३. पण अंगातली चरबी इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के, तर पुणेकरांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ आणि आतून स्थूल, अशी ही आपली ठेवण. याज्ञिकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा जो अभ्यास केला, त्यातून ही ठेवण जन्मतःच दिसते असे पुढे आले. आईच्या पोटात ज्या जिवाला अपुरे मिळाले त्याचा देह टंचाईसाठी घडतो, आणि पुढे सुबत्ता आली की तिच्याखाली वाकतो, असा एक विचार यामागे आहे.

हे वाचले की मला आमचा माळ आठवतो. दुष्काळात खडीवर राबणाऱ्या पोटुशी बाया, आणि त्यांची आज पन्नाशी ओलांडलेली मुले. त्यांतल्या कोणाच्या रक्तातली साखर आईच्या उपासातून आली आणि कोणाची चहाच्या बशीतून, हे कोणी एकेकाविषयी सांगू शकणार नाही; पट्टीला तर ते मुळीच माहीत नाही. पण जे ठाऊक नाही त्याविषयी दोष देऊ नये, एवढे तरी आपल्या हाती आहे. उसाने साखर आणली असे सोपे गणित मांडणारेही मला भेटतात. तेही खरे नव्हे. ऊस पिकवल्याने मधुमेह होत नाही. चालणे सुटले, बसणे वाढले, भाकरीची जागा पुष्कळ घरांत दुसऱ्याच पदार्थांनी घेतली, आणि हे सारे एका पिढीच्या आत घडले. मोजणारा जेव्हा आकड्याबरोबर दोषही सांगतो, तेव्हा तो न मोजलेली गोष्ट सांगत असतो.

आता दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते तोच खरा. आपल्या जुन्या वैद्यकाने रोग ओळखण्याची पाच अंगे मानली, आणि माधवनिदानातही तीच येतात: निदान म्हणजे कारण, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. त्यांतला उपशय फार विचार करण्यासारखा आहे. कशाने बरे वाटते हे पाहून रोग ओळखणे, असा त्याचा अर्थ. म्हणजे रोग्याला आराम कशाने पडतो हा प्रश्न रोगाच्या ओळखीनंतरचा नव्हे, ओळखीच्या पोटातलाच, असे त्या शास्त्रकारांनी धरले. त्यांची शरीरविषयक अनेक मते आज टिकणारी नाहीत. पण ही मांडणी टिकाऊ आहे. आधुनिकांनीही वेगळ्या वाटेने तेच म्हटले. १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी रोगाची चाळणी कधी करावी याची सूत्रे सांगितली. रोगावर मान्य उपचार असावा, पुढच्या तपासणीची आणि उपचाराची सोय असावी, कोणाला रोगी म्हणून उपचार द्यायचे हे आधी ठरलेले असावे, आणि शोध घेण्याचे काम एकदाच करून संपणारे नसावे. या सूत्रांचा सारांश एकाच वाक्यात सांगता येईल: ज्याला पुढे नेता येणार नाही त्याला दारातून हाक मारू नये.

न दुखणाऱ्या माणसाकडे आपण होऊन जाणे आणि दुखणाऱ्याने आपल्याकडे येणे, यांत नैतिक अंतर आहे. जो स्वतः आला त्याला आपण आपल्याकडचे देतो. ज्याच्याकडे आपण गेलो त्याच्या आयुष्यात आपण न मागता एक भीती ठेवली. ती भीती आतापर्यंत त्याच्या मालकीची नव्हती. ती आपली निर्मिती आहे. त्याचा दिवस कालच्यासारखा राहिला नाही. हे ऋण आहे, आणि ते मोजणाऱ्याच्या खाती चढते. ते फिटते औषधाची गोळी दर महिन्याला गावात मिळण्याने, डोळा आणि पाय वर्षातून एकदा तपासला जाण्याने, आणि प्रयोगशाळेसाठी कराडला किंवा मिरजेला जावे लागले तर त्या दिवसाची बुडालेली मजुरी कोणाच्या तरी हिशोबात धरली जाण्याने. मिरजेत डॉ. वॉनलेस यांचे रुग्णालय १८९४ पासून आहे. औषधोपचारासाठी दूरदूरची माणसे तिथे येत आली आहेत. पण माणूस दुखण्याने हैराण झाला म्हणजे पन्नास मैल जातो. न दुखणाऱ्या आजारासाठी तो पाच मैलही जात नाही, आणि गेलाच तर दुसऱ्यांदा जात नाही. म्हणून ज्याने न दुखणारा आजार शोधला त्याने उपचारही तितकाच जवळ आणला पाहिजे.

यावर एक रास्त आक्षेप आहे. सगळी सोय होईपर्यंत मोजायचेच नाही म्हटले तर सोय कधीच होणार नाही. आकडे पुढे आले, रोगी किती ते कळले, म्हणजेच औषधांची मागणी होते, पैसे मंजूर होतात. अज्ञानाने कोणाचेही भले झालेले नाही. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्याचे उत्तर मी आमच्या गावातूनच देईन. कडेगावचे मोहरमचे ताबूत प्रसिद्ध आहेत. हिंदू आणि मुसलमान मिळून ते पिढ्यान्‌पिढ्या उभारीत आले आहेत. कळक आणि सूत यांचा तो डोलारा घरांच्या छपरांच्या कितीतरी वर जातो. तो बांधण्याची रीत अशी सांगतात, की वरचा कळस आधी आणि खालचे मजले मागाहून. उलटे काम, पण होते. ते का होते? वरचा भाग तयार झाला म्हणजे तो उचलून धरणारे हात तिथे हजर असतात. खालचा मजला जोडून होईपर्यंत कोणी हात काढीत नाही. आकडा आधी आणि उपचार मागाहून, हेही चालेल. अट एवढीच, की मधल्या काळात कोणीतरी खांदा दिलेला असला पाहिजे. कळस बांधून सगळेच घरी निघून गेले, तर तो कोणाच्या डोक्यावर पडेल हे सांगायला नको.

आणि आणखी एक. बोट टोचण्यापूर्वी विचारले पाहिजे. ‘मावशी, बघू का?’ एवढे म्हणणे पुरेसे नाही. आकडा जास्त निघाला तर पुढे काय करावे लागेल, किती दिवस, कोणाच्या आधाराने, हे आधी सांगून मग हात मागावा. कोणी नको म्हणेल. तो त्याचा अधिकार आहे, आणि तो जपताना काही आकडे वहीत कमी पडले तरी चालतील. आज दंडावर चिकटवून चौदा दिवस क्षणोक्षणी साखर सांगणारे संवेदक मिळतात. उद्या घामातून, अश्रूंतून, श्वासातून रोग ओळखणारी साधने येतील. जाणण्याची शक्ती वाढत जाईल आणि स्वस्त होत जाईल. तिला कोणी अडवू नये. पण सोबत राहण्याची शक्ती कोणत्याही विकरात नाही. ती स्वस्तही होणार नाही. तिला माणसेच लागतात, पगार दिलेली, वेळ असलेली, पुन्हा त्याच दारात येणारी.

मावशींनी यंत्राला विचारायला सांगितले होते. यंत्राला तो प्रश्न ऐकू येत नाही, हा त्याचा दोष नव्हे. प्रश्न ज्यांना ऐकू आला ते आपण आहोत. आणि पुढच्या महिन्यात त्या दारात कोणी जाईल की नाही, एवढ्यावरच त्या सकाळी जे झाले ते निदान होते की नुसती मोजणी, हे ठरायचे आहे.